पॉलिशला दिलेलं कपाट

"अहो, माझं कपाट कधी यायचं?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलंच नाही. बायकोच्या नजरेला नजर द्यायची नसली की ते भिंगाआड लपत. "पॉलिशला दिलंय ना गं. वाळायला वेळ लागतो."

"महिनाभर?"

खरं सांगायचं तर बायकोचं ते माहेरचं कपाट तळ्यात, दोन पुरुष पाण्याखाली होतं.

त्याचं असं झालं. घड्याळजींना मागूर धरायचा भारी नाद. हा मिशाळ मासा उघड्यावर फिरकत नाही. बुडालेल्या ओंडक्याखाली, कपारीत दडून बसतो. आणि या तळ्याचा तळ तर तळहातासारखा साफ! मागुराला घर हवं होतं आणि घड्याळजींच्या आरामखुर्चीला खिडकीपाशी जागा. बायको बहिणीकडे गेल्याची संधी साधून त्यांनी कपाट हातगाडीवरून बांधावर नेलं, आत दगड भरले आणि दिलं ढकलून.

"पण तो सुतार करतोय तरी काय?" बायको हटेना.

"त्याचा हात मोडलाय," घड्याळजी बोलून गेले.

इथेच सगळं फसलं, कारण बायको मायाळू. "अगंबाई! एकटा जीव, जेवत कसा असेल?" म्हणत ती डबा भरायला लागली. घड्याळजी मागच्या दाराने जे सुटले ते बोळाबोळांतून धापा टाकत सुताराकडे. ती पोहोचेपर्यंत सुताराचा धडधाकट उजवा हात गळ्यात बांधून झाला होता.

डबा उघडून सुतार गहिवरला. दुसऱ्या दिवशीही गहिवरला. तीन आठवडे झाले तरी हाड काही जुळेना.

"अरे बाबा, बास की आता!" घड्याळजी गयावया करू लागले.

"वहिनींच्या जेवणानं गुण येतोय हळूहळू," सुतार बोटं चाटत म्हणाला. "आणि त्या कपाटापाशी एकदा मलाही न्या. नाहीतर माझ्या तोंडून काहीबाही निसटायचं."

रविवारी गेले दोघं. कपाटाच्या अंगाला गळ सोडला आणि थोड्याच वेळात असा हिसका बसला की घड्याळजी गुडघ्यावरच आले.

"लागला! पण आत शिरला मेला! अरे, ओढ, ओढ!"

सुताराने हाताची गळ्यातली झोळी भिरकावली आणि दोन्ही हातांनी दोर धरला. खाली काहीतरी निसटलं. वर आला पितळी मुठीचा खण, आणि खणात मिशा फेंदारून बसलेला हातभर मागूर.

"पॉलिश छान झालंय हो."

मागे बायको उभी होती, हातात डबा. सुताराच्या दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजारी विचारून थेट इथे आली होती. सुताराने घाईघाईने हात परत गळ्यात अडकवला. डावा.

बायकोने खणासकट मागूर उचलला आणि घराची वाट धरली. रात्री मागूर शिजला, तिघंही पोटभर जेवले. तिने तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. घड्याळजींच्या जिवात जीव आला.

"अजून असतील का हो असे?" तिने विचारलं.

"असतील की!" घड्याळजी खुशीत आले. "पण एका कपाटात किती मावणार? जागा हवी बिचाऱ्यांना."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून ते घरी आले, चपला काढल्या आणि खिडकीपाशी टेकायला गेले ते थबकलेच.

"अगं, माझी आरामखुर्ची?"

"पॉलिशला दिलीय," बायको आतून म्हणाली. "सुतारानं एकट्यानं डोक्यावर घेऊन नेली. हात अगदी खडखडीत बरा झालाय हो त्याचा!"