फिलिपभाऊंचा मौनाचा नेम

माझे शेजारी फिलिपभाऊ कुणालाही वाक्य पुरे करू देत नाहीत. ते स्वतःच पुरे करून देतात, आणि तेही उपकाराच्या सौजन्याने. त्यांची सारी नोकरी शहाद्याच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत गेली. खिडकीत अर्धे तोंड दिसताच ‘फलाट तीन, लागेल आता’ असे सांगण्याची सवय निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर विसरवाडीला आली. पाळकांनी प्रार्थनेच्या अखेरीस श्वास घेतला, की यांचे ‘आमेन’ आधीच सुटलेले असते.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीला, रूथवहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सुधारले, वाचा मात्र अडली. डॉक्टर म्हणाले, “त्यांना वेळ द्या. शब्द त्यांचा त्यांना सापडू द्या, तुम्ही पुरवू नका.” हे वाक्य संपण्यापूर्वीच भाऊंनी “समजलं” म्हटले होते. घरी वहिनींचे ओठ हलले रे हलले, की ते उठत. “पाणी? गोळी? पंखा?” वहिनी डोळे मिटून घेत.

अशात पाळकांनी उपवासकाळासाठी मौन आणि एकांताचा नेम सुचवला. शुक्रवारी सकाळी एकट्याने बसायचे, काही मागायचे नाही, देवाला बोलू द्यायचे. भाऊंनी ते फार मनावर घेतले.

“आठे सुधरनू ते घरमा बी सुधरसू,” ते मला म्हणाले; म्हणजे इथे सुधारलो तर घरीही सुधारेन. मग गुरुवारभर दारोदार हिंडून त्यांनी आपल्या मौनाची घोषणा केली. आवाज बसस्थानकाचाच.

शुक्रवारी ते प्रार्थनामंदिरामागच्या मोहाखाली बसले. आमच्याकडे कर्ता माणूस झाडाखाली एकटा बसला, तर घरात काही बिनसले आहे असे समजतात, आणि त्याची समजूत काढणे हा शेजारधर्म मानतात. गुरुवारी गावात नसलेले सोन्यादादा पहिले आले.

“काय व्हयनं, भाऊ? घरमा कजिया व्हयना का?”

भाऊंनी आकाशाकडे बोट दाखवले. सोन्यादादांनी फांद्यांत मोहळ शोधले. ते दिसले नाही, तेव्हा ते काळजीने शेजारीच बसले. थोड्या वेळाने चहाची किटली घेऊन आणखी दोघे आले.

“बोलत नही,” सोन्यादादांनी त्यांना सांगितले. “भलता मोठा कजिया शे.”

अखेर मौन म्हणजे काय, हे भाऊंनी त्यांना समजावून सांगितले. दुपारपर्यंत सांगत होते.

संध्याकाळी मी विचारू लागलो, “मौन क...”

“चांगलं व्हयनं,” ते म्हणाले.

मी स्वतः अबोल आहे. लोक याला माझा सद्गुण समजतात आणि मीही त्यांना समजू देतो. खरे तर समोरचा बोलत असताना माझे लक्ष पुष्कळदा माझ्याच विचारांत असते. भाऊ निदान उत्तर देण्याइतके तरी ऐकतात. त्यामुळे त्यांना हसताना मला जरा जपून हसावे लागते.

पुढल्या शुक्रवारी मोहाखाली ते दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडे होते. वहिनी खाटेवर होत्या आणि भाऊ समोरच्या खुर्चीत, खुर्चीचीच कड घट्ट धरून बसले होते. मी उंबऱ्यातच थांबलो.

वहिनींचे ओठ हलले. महामार्गावरून एक ट्रक गेला, त्यामागून दुसरा. भाऊंची नजर पाण्याच्या तांब्याकडे गेली, गोळ्यांच्या डब्याकडे गेली आणि परत वहिनींवर आली. त्यांच्या गळ्यात शब्द वरखाली होताना मला दिसत होते.

“उठू...” वहिनी म्हणाल्या.

त्यांना उठायचे असेल असे वाटून मलाच राहवेना. आधार द्यायला मी पाऊल पुढे टाकले. भाऊंनी माझ्याकडे न पाहता हात आडवा धरला.

बराच वेळ गेला.

“उठू... नका,” वहिनी म्हणाल्या. “आठे... बसा.”

भाऊ बसलेलेच होते. तरी ते उठले, खुर्ची खाटेला अगदी लावून घेतली, आणि नुकतेच कुणी बोलावून बसवावे तसे पुन्हा बसले.