ईशान्य कोपऱ्यातली पाचर

"मी म्हणजे साधा माणूस नव्हे, खेमराज. मी म्हणजे चालतीबोलती बुद्धी!" भैय्यालाल पटले नेहमी सांगत. "आमचे पूर्वज धारच्या दरबारात हेर होते. माळव्यातून ते इकडे धान पेरायला आले असं लोक म्हणतात. साफ खोटं! ते कुणाचा तरी माग काढत आले होते."

तो कुणीतरी शेवटी सापडला का, हे खेमराजने कधी विचारले नाही. भैय्यालालजींच्या दारावर 'मध्यप्रांतातील एकमेव शास्त्रीय गुप्तहेर' अशी ठळक पाटी होती. गुप्तहेराने दारावर पाटी लावावी का, हेही त्याने विचारले नाही. तो त्यांचा सहायक होता, म्हणजे भिंग, छत्री आणि शिव्या या तिन्हींचा भार वाहणारा. पण या खेपेला त्याची स्वतःचीच अब्रू टांगणीला लागली होती.

त्याचे असे झाले. दिवस लढाईचे. लोखंड बघायला मिळायचे ते बिरसीकडे, विमानांच्या धावपट्टीच्या कामावर. आणि नागरा गावच्या उदाराम वस्तादांना नेमकी आत्ताच आखाड्यात डबलबारची चौकट हवी होती. खेमराज मूळचा सुतार, त्याला युक्ती सुचली. बैलगाडीला जे चालते ते पैलवानाला का चालू नये? खांबाला आरपार भोक, आडव्या दांड्याचे टोक त्यातून बाहेर, आणि त्या टोकात वरून ठोकलेली लाकडी पाचर. ना बोल्ट, ना खिळा. काम स्वस्त, आणि भार पडेल तसा कोपरा घट्ट. मुर्रीच्या आखाड्याची माणसेही येऊन बघून गेली, आणि खेमराज गावातून जरा छाती काढून चालू लागला.

मग दर रविवारी चौकट कोसळू लागली. निसटायची एकच पाचर, तीही ईशान्य कोपऱ्यातली. वस्तादांनी शेवटी निकाल दिला, "आज जर फैसला नाई झाला, तर हे चौकट धान उकडाच्या चुलीत जाईन. अना खेमराज, मुर्रीवाल्याईले मीच सांगीन, याच्या हातचा पाटबी घेऊ नका."

खेमराज वस्तादांचे पाय धरायला वाकला. भैय्यालालजींना मात्र अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे झाले. त्यांनी भिंग लावले, कोपरा हुंगला आणि पैलवानांकडे वळले.

"ईशान्येला काय आहे? ब्रह्मदेश! ब्रह्मदेशात कोण आहे? जपानी!"

"जपानी मानूस नागऱ्याले पाचर काढाले येऊन राहिला?" वस्तादांनी विचारले.

"आपली फौज अशक्त ठेवायची आहे त्यांना."

"फौजेत कोनी गेलाच नाई ना इथून."

"बघा! डाव किती यशस्वी झालाय!"

जपानी मागे पडले तेव्हा मुर्रीच्या पैलवानांवर संशय आला. कोपऱ्याजवळचे पाऊल मोजले, तर ते खुद्द भैय्यालालजींच्या चपलेत चपखल बसले. मग वाळवी, तीही कुणीतरी शिकवून तयार केलेली. मग सरकारी नोकर, कारण रविवारी सुटी त्यालाच असते. सगळे आरोपी संपले, तशी त्यांची नजर सावकाश खेमराजवर येऊन थांबली.

"दुरुस्तीला कोण धावतो? खेमराज. पाचर कुणाला कळते? खेमराजला. अरेरे, माझाच सहायक!"

"पटलेजी!" खेमराज ओरडला. त्याला रडू येत होते आणि भिंग फेकून मारावेसेही वाटत होते.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून हाक आली. आखाड्यात बायांनी पाऊल टाकायचे नाही, म्हणून भैय्यालालजींच्या पत्नी अनुसयाबाई बाहेरूनच ओरडत होत्या, "अवो, माही तेलाची वाटी द्या! कालपासून घरात फोडनी नाई."

"तपास चालला आहे!" भैय्यालालजी खेकसले.

"मंग तपास करा ना, दर शनवारी तेल कायले नेता?"

भैय्यालालजी गोरेमोरे झाले. "मारुतीला. तपासाला यश यावं म्हणून."

मारुती कुठे, तर ईशान्य कोपऱ्यात. देवाचा कोपरा म्हणून वस्तादांनी पहिल्याच दिवशी तिथल्या पाचरीला शेंदूर फासून तिलाच मारुती ठरवले होते. तेव्हापासून दर शनिवारी झाडून सगळे पैलवान भक्तिभावाने तिच्यावर तेल ओतत होते आणि रविवारी बारवर झोके घेत होते.

"पाचरीले तेल पाजता," अनुसयाबाई म्हणाल्या, "अना मंग म्हनता, निसटते काऊन?"

खेमराजने भोक राखेने घासून कोरडे केले, नवी पाचर ठोकली आणि देवाची माफी मागून स्वतःच बारला लटकला. पाठोपाठ वस्ताद आपल्या भरल्या देहानिशी लटकले. कोपरा कुरकुरला आणि आणखी घट्ट बसला. खेमराजच्या डोळ्यांत पाणीच आले.

"तेलावर माझा संशय पहिल्यापासून होता," भैय्यालालजी भिंग पुसत म्हणाले.

वस्तादांनी खाली उडी मारली. ते गहिवरले होते. "असा सांधा साऱ्या गोंदियात नाई! याच्यात देवच हाये. आना रे शेंदूर, आना तेल! बाकीच्या तिन्ही कोपऱ्याईतबी मारुती बसवू!"

"वस्ताद," वरून खेमराज किंचाळला, "पहिले मले उतरू द्या!"