शेषरावभाऊंचं अंडं

नालवाडीतल्या आमच्या गल्लीचे शेषरावभाऊ कुठलीही गोल वस्तू दिसली की ती कानाला लावायचे. बटाटा, कांदा, विजेचा बल्ब, पोरांचा चेंडू, काहीही. भाजीवालीच्या पाटीपुढे उकिडवे बसून ते एकेक बटाटा उचलत, कानाशी धरून डोळे मिटत, बराच वेळ ऐकत आणि "याच्यात काई नाई" म्हणून दुसरा उचलत. भाजीवाली आधी हसायची. मग एकदा त्यांनी एक बटाटा दोनदा ऐकला, काही न बोलता वेगळा काढून ठेवला आणि निघून गेले. तो बटाटा विकायचा तिला धीर होईना. शेवटी तिनं तो नालीत टाकला.

सवयीचं कारण तसं साधं होतं. भाऊंची सारी नोकरी बोरगाव मेघेकडच्या एका हॅचरीत अंडी उबवण्यात गेली. अंडं बल्बासमोर धरून आत जीव आहे की नाही ते पाहायचं, आणि शेवटच्या दिवशी कानाला लावून पिल्लाची टकटक ऐकायची. एकवीस दिवसांत पिल्लू बाहेर. त्यामुळे जगातल्या साऱ्या भानगडींना ते एकवीस दिवसांची मुदत देत. शेजारच्या नव्या सुनेचं सासूशी वाजलं, "एकवीस दिवस तं द्या!" माझ्या दुखऱ्या दाढेलाही त्यांनी एकवीस दिवस दिले होते. ती मी अठराव्या दिवशी उपटून घेतली, तर म्हणाले, "घाई केली सर तुमी."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. गल्लीतल्या साऱ्या शंका माझ्या ओट्यावर येत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. भाऊंची शंका मात्र वर्षानुवर्षं एकच राहिली. नामशेष झालेले डायनासोर विज्ञान पुन्हा जिवंत करेल का? त्यांना माझ्याकडून एक 'हो' हवा होता, आणि तो मी काही देत नव्हतो.

याचं मूळ होतं एका दगडात. कारंजा गावाजवळ त्यांच्या सासऱ्यांच्या वावरात विहीर खोदताना पपईएवढा लांबट गोटा निघाला होता. सुमनवहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, तो माहेरची आठवण म्हणून आणला आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवला. पुढे डायनासोरांचा एक विलायती सिनेमा हिंदीतून बोलत वर्ध्याच्या टॉकीजला लागला. दोघं पाहायला गेले. वहिनी सिनेमाभर भाऊंचा दंड धरून बसल्या होत्या. घरी येऊन दाराशी थबकल्या आणि म्हणाल्या, "अवो, हे बी अंडंच असन. तुमी लोकायचे एवढे अंडे उबवता, माह्या बापाचं हे एक उबवून दाखवा." या गमतीवर दोघं आठवडाभर हसत होते.

त्याच वर्षी वहिनी तापानं गेल्या. अवघ्या तीन दिवसांत. स्मशानातून परतताना भाऊ वाटेत एवढंच बोलले, "एकवीस दिवस बी नाई देल्ले तिनं."

महिन्याभरात तो गोटा दारातून उठून एका लाकडी खोक्यात गेला. वर बल्ब, आत थर्मामीटर, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. पिल्लू कवचाला चिकटू नये म्हणून अंडं फिरवत राहावं लागतं, म्हणून भाऊ दिवसातून पाच वेळा तो दगड फिरवत.

"सर, येईल ना?"

"भाऊ, साडेसहा कोटी वर्षं झाली. आतला जीव केव्हाच गेला आणि त्याच्या जागी दगड भरला. ज्याच्यावरून बांधायचं तो नकाशाच उरला नाई, तं घर कसं बांधता? आणि हे अंडंच आहे, असं सांगतलं कोनं?"

"सुमननं सांगतलं," ते म्हणाले आणि घरी गेले.

मग विलायतेत एका मेंढीच्या पेशीपासून हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी आली. भाऊ सकाळी सकाळी पेपर घेऊन हजर. मी वर्गात सांगावं तसं समजावून सांगितलं, की त्यासाठी शाबूत पेशी लागते, ती दगडात मिळत नाही. त्यांनी पेपरची नीट घडी केली. "पेशी लागते," एवढंच पुटपुटले. मी आपल्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यायलो.

त्यानंतर त्यांनी केसवालीवर राग धरला. आमच्याकडे बाया विंचरताना गळालेले केस, म्हणजे गुंतवळ, पिशवीत साठवून ठेवतात आणि दारावर येणाऱ्या केसवालीला देऊन एखादी वाटी, चमचा घेतात. तिची आरोळी ऐकू आली की भाऊ ताटावरून उठून बाहेर येत. "आमच्या घरी काई नाई! चाल पुढं!" ती बिचारी त्यांचं दार टाळून दुसऱ्या कडेनं जायला लागली. एकट्या माणसाच्या घरी केस मागतंय कोण, असं म्हणून आम्ही हसायचो.

पुढे लोडशेडिंगनं कहर केला. बल्ब सहा सहा तास बंद. भाऊंनी विचार केला आणि एक खुडूक झालेली काबरी कोंबडी आणली. कोंबडी खुडूक झाली की तिला बसायला अंडं हवं असतं, मग ते कुणाचं का असेना. काबरी दगडावर पंख पसरून बसली.

एकवीस दिवस झाले, ती उठली नाही. एरवी कोंबडी कंटाळते, अंडी टाकून देते. चाळीस झाले, पन्नास झाले. मे महिन्याची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि भाऊंच्या उघड्या दारातून त्या कोंबडीचे न मिटणारे डोळे तेवढे दिसायचे. समोर स्टुलावर भाऊ, तेही तसेच. माझी बायको म्हणाली, "मी आता तिकडून पानी आनाले जात नाई. दोघंबी कोनाची तरी वाट पाहून राह्यले."

निदान मुक्या जिवाचे हाल थांबवावे म्हणून एका दुपारी मी गेलो. काबरी वाळून पिसांची जुडी झाली होती. भाऊ तिला आपल्या हातानं कण्या भरवत होते.

"भाऊ, आता पुरे. मरन ते."

"पयले आयकून पाहा, सर."

त्यांनी कोंबडी अलगद उचलली. मी वाकून दगडाला कान लावला. दगड गरम होता. आणि आत टक, टक, थांबून पुन्हा टक. तापलेला दगड निवताना असा आवाज करू शकतो. हे मला ठाऊक होतं, तरी हातावर काटा उभा राहिला. मान वर घेताना टेकलेल्या हाताच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. दगडाखाली काथ्या नव्हता, गवतही नव्हतं. लांब काळ्या केसांचं घरटं होतं. वेटोळ्यावर वेटोळं, खोबरेल तेलाचा जुना वास, आणि मधूनमधून एखादा पांढरा केस.

मी हात मागे घेतला.

"सुमनची गुंतवळ हाये," भाऊ म्हणाले. "पिशवीत होती. केसवाली यायच्या आंधी ते गेली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सर, दगडाचं राहू द्या. साडेसहा कोटी वर्षं लय झाले, मले बी समजते. पण हे तं आठच वर्षं झाले. याच्यात असन ना पेशी?"

इतकी वर्षं ते मला काय विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली. तरी जीभ मास्तराचीच.

"समजा, जमलं कधी काळी. तरी ते तान्हं लेकरूच होऊन येईन, भाऊ. सुमनवहिनी नाई. ते तुमाले ओळखनारसुदिक नाई."

भाऊंनी कोंबडी परत दगडावर ठेवली, पंख सारखे केले.

"नाई ओळखू दे. अंड्यातून निघालं पिल्लू कोनाले ओळखते, सर? जे पयले समोर दिसते, त्याले आपलं मानते. लाखो पाह्यले मी." त्यांनी स्टूल थोडं पुढे ओढलं. "म्हनून तं समोर बसून राह्यतो."

इतकी वर्षं तोंडावर असलेलं 'नाही' त्या दिवशी माझ्याच्यानं म्हणवेना. मी भिंतीशी टेकून खाली बसलो आणि म्हणालो, "अजून एकवीस दिवस तं द्या, भाऊ."

भाऊ हसले नाहीत. ओठावर बोट ठेवून त्यांनी खोक्याकडे पाहिलं. पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोंबडी अंड्याशी एका हलक्या आवाजात बोलते, आतून उत्तर येतं म्हणून बोलते, असं त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. पन्नास दिवस मुकी बसलेली काबरी मान खाली घालून तशी बोलायला लागली होती.

आम्ही दोघं न हलता समोर बसून राहिलो.