दोन ढिगांचा हिशेब

एका जंगलात एक तळं होतं आणि दोन पक्ष होते. तळं एकच होतं, एवढं लक्षात ठेवा, मुलांनो. पुढे गोष्टीत ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तळ्याला मातीचा बांध होता आणि बांधाला गळती लागली होती. आधी थेंब थेंब, मग बोटभर धार. उन्हाळा तोंडावर आला होता. जवळपास दुसरं पाणी नव्हतं. नदी होती, पण ती डोंगरापलीकडे.

भिंगरी नावाच्या हरणीला त्या डोंगराची फार धास्ती. तिचं पाडस जन्मापासून पुढच्या एका पायाने अधू होतं. तळ्यापर्यंत ते लंगडत जाई, पोटभर पाणी पिई आणि ओल्या नाकाने आईच्या कुशीत शिरे. डोंगर चढणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. तळं टिकलं तर पाडस टिकेल, एवढं साधं गणित भिंगरीला येत होतं.

ती राज्यकर्त्यांकडे गेली. तेव्हा गव्यांचं राज्य होतं आणि भद्रसेन नावाचा गवा त्यांचा म्होरक्या होता.

"दादा, तळ्यातलं पाणी कमी होतंय हो."

"असं विरोधक म्हणतात," भद्रसेन रवंथ करत म्हणाला. "पाणी कमी झालेलं नाही, ताई. काठ वाढलाय. मागच्या राजवटीत एवढा रुंद काठ कधी पाहिला होता का?"

भिंगरीने आठवून पाहिलं. खरंच पाहिला नव्हता. तरी तिचं समाधान होईना. ती अस्वलांकडे गेली.

अस्वलं विरोधात होती. त्यांचा पुढारी जटाळराव. त्याने तिचं म्हणणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, लगेच मागच्या पायांवर उभा राहिला. पुढारी असा उभा राहिला की समजावं, भाषण येतंय.

"या सरकारने तळ्याचं वाटोळं केलं! आम्ही आलो की बांध दुरुस्त करू. काठावर जांभळी लावू. प्रत्येक बिळासमोर सावली देऊ!"

"सावलीचं नंतर बघा," भिंगरी म्हणाली. "बांधाचं तेवढं करा."

बातमी भद्रसेनाच्या कानावर गेली. तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. भरसभेत त्याने एकच प्रश्न विचारला.

"खर्च किती?"

आता इथे त्या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. म्हणून विरोधकांनी एखादं काम करायचं म्हटलं, की त्याला किती सामान लागेल त्याचा ढीग सभेच्या कातळावर रचून दाखवावा लागे. मग सगळ्यात म्हातारं कासव ढिगाभोवती फेरी मारून निकाल देई. कासव निःपक्ष होतं. म्हणजे ते इतकं हळू बोले, की ते कुणाच्या बाजूने आहे हे कळेपर्यंत निवडणूक होऊन जाई.

राज्यकर्त्यांना मात्र ढीग दाखवावा लागत नसे. त्यांचा खर्च आधीच होऊन गेलेला असे. होऊन गेलेल्या खर्चाचा ढीग कुठून दाखवणार? मागच्या बाकावर कोण हसलं? हसू नका. रीत म्हणजे रीत.

"माझ्या गुडघ्याएवढा ढीग पुरे," जटाळराव म्हणाला.

"दाखवा. आणि माती बांधाचीच हवी. दुसरी आणून आम्हाला फसवायचं काम नाही."

जटाळराव मागे हटणारा नव्हता. अस्वलं कामाला लागली. बांध जवळच होता, माती चिकण होती, नखांनी भसाभस निघत होती. दुपारपर्यंत कातळावर गुडघाभर ढीग उभा राहिला. भिंगरीनेही खुरांनी माती लोटून हातभार लावला. तिला वाटलं, दुरुस्तीच सुरू झाली. बिचारीला ढीग आणि दुरुस्ती यांतला फरक ठाऊक नव्हता.

भद्रसेनाने ढिगाकडे पाहिलं आणि नाकपुड्या फेंदारल्या.

"फसवणूक! निव्वळ फसवणूक! खरा खर्च माझ्या वशिंडाएवढा आहे. बाकीची माती हे कुठून आणणार? तुमच्या बिळांतून! तुमच्या घरट्यांखालून!"

सशांनी घाबरून आपापल्या बिळांवर बसकण मारली.

"पुरावा काय?" जटाळराव ओरडला.

"पुरावा आम्ही रचून दाखवतो."

आणि गवे बांधाला भिडले. शिंगं खुपसून त्यांनी असे लपके काढले, की संध्याकाळपर्यंत पहिल्या ढिगाशेजारी वशिंडाएवढा दुसरा ढीग तयार. विरोधकांचा खरा खर्च विरोधकांपेक्षा सरकारनेच जास्त कष्टाने दाखवला, हे मान्य करायला हवं.

भिंगरी बांधाकडे गेली. धार आता मांडीएवढी जाड झाली होती. ती पळत जटाळरावाकडे आली.

"भाऊ, ही सगळी माती बांधाचीच आहे ना?"

"अर्थात. दुरुस्तीच्या वेळी बांधावरच टाकणार आहोत."

"मग आत्ताच टाका की! ढीग तर तयार आहे."

जटाळरावाला तिची कीव आली. "आत्ता कशी टाकणार, ताई? आत्ता आम्ही विरोधात आहोत."

ती भद्रसेनाकडे धावली. "दादा, तुम्ही तर सत्तेवर आहात! तुमचा ढीग तरी टाका."

"आमचा? तो आमचा नाही, ताई. तो त्यांचा खर्च आहे. त्यांचा खर्च आम्ही का म्हणून करायचा?"

मुलांनो, मी ही गोष्ट हसत हसत सांगतोय खरा, पण इथे आलो की मला दर वेळी राग येतो. बाई रडकुंडीला आलीय, माती समोर आहे, बांध हाकेच्या अंतरावर आहे. आणि हे दोघे ढोपर मोठं की वशिंड मोठं यावर भांडतायत! भिंगरीने एकटीनेच खुराने थोडी माती मागे लोटली. लगेच दोन्हीकडचे कार्यकर्ते धावून आले.

"ढिगाला हात लावू नका! निकाल लागायचाय!"

कासव तेव्हा पहिल्या ढिगाला वळसा घालत होतं.

ते दुसऱ्या ढिगाशी पोचलं तोच मोठा आवाज झाला. बांध मधोमध फुटला. पाणी खळाळत उताराला लागलं, घटकाभर झाडांमधून चमकलं आणि दिसेनासं झालं. तळ्याच्या जागी चिखल राहिला. चिखलात मासे तडफडत होते. त्यांना कुठल्याच पक्षाने विचारलं नव्हतं.

"तुमच्या ढिगामुळे फुटला!"

"तुमचा ढीग मोठा होता!"

"पण मुळातली गळती तुमच्याच काळातली!"

असा गोंधळ चालला असताना कासव एकदाचं थांबलं. मान बाहेर काढून ते बांधाच्या भगदाडाकडे बघत राहिलं, मग ढिगांकडे.

"निकाल असा," कासव म्हणालं, "की बांध नीट करायला या दोन ढिगांइतकीच माती लागेल. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही."

मग जटाळरावाने आरोळी ठोकली, "आमचा आकडा धरूनच हिशेब जुळला!"

"आमचा आकडा मिळवला म्हणूनच जुळला!" भद्रसेन डुरकला.

जंगलाच्या इतिहासात असा तंतोतंत अंदाज कधी निघाला नव्हता. कार्यकर्त्यांनी पुढाऱ्यांना खांद्यावर घेतलं. निदान जटाळरावाला घेतलं. भद्रसेनाला उचलण्याचा प्रयत्न झाला. बांध घालून आता अडवायचं काय, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

भिंगरी सभेला थांबली नाही. ती पाडसाला नाकाने ढकलत डोंगराच्या वाटेला लागली होती. ऊन उतरलं तरी खडक तापलेले होते. पाडस चार पावलं चाले आणि बसे. ती त्याला चाटून उठवी. पहिल्या वळणावर त्याने मागे वळून पाहिलं. खालून मोठा जल्लोष ऐकू येत होता.

"आई, एवढा आनंद कशाचा झालाय त्यांना?"

"हिशेब जुळला वाटतं, बाळा," भिंगरी म्हणाली. "तू पाय उचल."

तात्पर्य: मुलांनो, मोठे झालात की मत देताना दोन्ही ढीग नीट पारखून घ्या. तळ्याकडे मात्र बघू नका. उगीच तहान लागते.