रुपालीची मशीन आणि नंदईबापू

त्या वर्षी वणीत कापसाला भाव नव्हता, पण नियमांना तोटा नव्हता. कापसातल्या ओलाव्याची अट दिवसातून तीनदा बदले, आणि रुपालीने जिनिंग कारखान्यासाठी लिहिलेला जावा प्रोग्राम तिसऱ्या बदलाला मान टाके. उद्या सकाळी कापसाच्या गाड्यांना टोकन देताना तो चालला नाही, तर काम नागपूरच्या माणसाला जाणार होतं.

तिची आई कौसल्याबाई चौथी पास. पण घरात काही अडलं आणि त्यांनी त्यात तोंड घातलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"मशीनले झालं काय?"

"आई, मेमरी भरते. अट बदलली की तिचा नवा क्लास, म्हणजे त्या अटीचा कोड, आत येते. जुना बाहेर निघतच नाही."

"काहून? नवा आला तर जुन्याले लाज नाही वाटत?"

"ज्या लोडरनं त्याले आणलं, तो आत बसून हाय. तो गेल्याशिवाय त्यानं आणलेला एकही हलत नाही."

कौसल्याबाईंना हे एकदम पटलं. नातवाच्या बारशाला आलेले नंदई बाबाराव, सोबत आणलेल्या सात माणसांसह, आठव्या दिवशीही पुढच्या खोलीत पोहे खात होते.

"मंग आणणाऱ्यालेच अगोदर काढ," त्या कडाडल्या. "थो गेला का बाकीचे आपोआप निघतात. त्याले कोण धरून बसलं, थे पाह्य."

पुढच्या खोलीत चमचे थांबले. पाच मिनिटांत पिशव्या अंगणात.

नणंद लीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "वहिनी, सरळ सांगायचं होतं."

"बाई, मी मशीनबद्दल बोलून राह्यली होती."

"मशीन कुठं माणसं आणते?" बाबाराव म्हणाले. "सात जणं मी आणले. सांगतो गावात, कौसल्याबाईच्या घरी पोहे मोजून भेटतात."

नंदईला हाकलल्याचा बोभाटा होणार! कौसल्याबाईंनी त्यांची पिशवी हिसकली आणि पिशवीमागोमाग त्यांना कॉम्प्युटरसमोर आणलं. तोवर रुपालीला चूक सापडली होती. कधी लागले तर असू द्या, म्हणून जुन्या लोडरांची यादी तिनंच जपून ठेवली होती. तिनं ती पुसली. पडद्यावरची मेमरीची पट्टी भसकन खाली आली. चार अटी बदलल्या, दहा बदलल्या; प्रोग्राम चालतच राहिला.

"दिसलं?" कौसल्याबाई म्हणाल्या. "आणणारा गेला, त्याचे सगळे गेले."

बाबारावांनी पट्टीवर बोट टेकवलं. "म्हणजे आमच्याबद्दल नव्हतं."

"कायले राहीन, भाऊजी?"

"मंग उद्या पोरीची मशीन चालू झालेली पाहूनच जातो. आता जागा किती हाय म्हणे?"

"भरपूर," रुपाली खुशीत म्हणाली.

बाबारावांनी फोन उचलला आणि झरीच्या थोरल्या भावाला सांगितलं, पोरीनं नाव काढलं, सगळे या.

कौसल्याबाई लेकीच्या कानाशी वाकल्या. "जागा हाय, हे एवढं मोठ्यानं नको सांगत जाऊ."