टिपेट पंचवीस किलोचा

"फसवलं! दिवसाढवळ्या फसवलं!"

साईनाथ असा काही ओरडला की स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, संजनाच्या हातून उलथनं पडलं. ती धावत बाहेर आली. साईनाथ ओसरीवर फतकल मारून बसला होता. समोर कुरिअरचा फाडलेला खोका आणि हातात पारदर्शक दोऱ्याचं वेटोळं.

"अगं बाई, काय झालं? कोण गेलं?"

"कोण जायला कशाला पायजे? हात लावून बघ. हितं जाड, आन् त्या टोकाला पार केसासारखा! एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन तऱ्हेची? वीस वर्षं दोर विकतोय मी. असला दोर एका तरी गिऱ्हाइकाला दिला असता ना, तर त्यानं माजं दुकान डोक्यावर घेतलं असतं!"

कर्जतच्या बाजारात साईनाथचं दोर-ताडपत्रीचं दुकान होतं. विहिरीचा दोर असो की टेंपोवर बांधायचा, दोन बोटांत धरून चुरगळला की साईनाथ त्याची कुंडली सांगायचा. त्यामुळे या दोऱ्यानं त्याला घरचं माणूस चोर निघावं तसा धक्का बसला होता.

"पप्पा, तो गळाचा लीडर आहे," हर्षला म्हणाली. "तो निमुळताच असतो. त्याच्या बारीक टोकाला टिपेट नावाचा दोरा जोडायचा, तो अजून बारीक. म्हणजे माशाला दिसत नाही."

"तू गप गं. दोरातलं मला शिकवायचं नाय."

बिचारी फाडलेला खोका आवरायला लागली. खरं तर हे सगळं झेंगट तिच्यासाठीच चाललं होतं. खालापूरच्या देवेशशी तिचं जमलं होतं. देवेशचे वडील गजाननराव सुर्वे कारखान्यात मॅनेजर होते, आता रिटायर झालेले, आणि तरुणपणापासून फ्लाय फिशिंग करायचे. म्हणजे गांडूळ नाही की कणीक नाही. पिसांची खोटी माशी गळाला बांधायची, काठीनं दोरा डोक्यावरून मागेपुढे फिरवायचा आणि माशी अलगद पाण्यावर टेकवायची. फोनवर त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला आहे का हो आवड?" आणि पोरीच्या काळजीनं साईनाथ बोलून गेला, "आवड? अवो, जीव हाय आपला त्यात!"

"वा! मग रविवारी नदीवरच भेटू," गजाननराव म्हणाले. "काठी माझी वापरा, पण लीडर आणि टिपेट तुम्ही निवडून आणा. टिपेटवरून मला माणूस कळतो. लग्नाचं काय ते तिथेच सांगतो."

आता बोला! पोरीचा संसार एका दोऱ्यावर लटकला. साईनाथनं रात्रंदिवस विचार केला आणि शेवटी स्वतःच्या अकलेनं घ्यायचा तो निर्णय घेतला. लीडरचं बारीक टोक त्यानं कात्रीनं उडवलं. उरलेल्या जाड टोकाला दुकानातला मच्छीमारांचा तंगूस जोडला. नायलॉनचा, सुतळीएवढा जाड, पंचवीस किलोला न तुटणारा. आणि पुढे लीडरबरोबर खोक्यात आलेली सगळ्यात मोठ्या गळाची माशी.

"आता बघू दे व्याह्यांना माणूस कसा हाय ते!" तो म्हणाला. संजनानं देवाला हात जोडले.

रविवारी सकाळी सगळे उल्हास नदीच्या डोहावर जमले. गजाननरावांच्या अंगावर वीस खिशांचं जाकीट होतं. त्यांची बायको विमलबाई खडकावर पदर सावरून बसली होती. आल्यापासून ती चकार शब्द बोलली नव्हती.

"दाखवा टिपेट," गजाननराव म्हणाले.

गजाननरावांच्या काठीला आपला लीडर बांधून साईनाथनं अभिमानानं तंगूस पुढे केला. गजाननरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा... हा टिपेट आहे?"

"एकदम पक्का! वढून बघा ना तुमी."

"साईनाथराव, याला बैल बांधतात. म्हणजे तुम्हाला यातलं काहीही कळत नाही. माझ्याशी खोटं बोललात तुम्ही." ते वळले. "देवेश, गाडी काढ."

हर्षलाचे डोळे भरून आले. "अवो थांबा! एकदा फेकून तर दावतो!" असं म्हणत साईनाथनं काठी उचलली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दोरा मागे फेकला.

मागे गजाननराव चालले होते. मोठ्या गळाची ती माशी जाऊन बसली थेट त्यांच्या जाकिटाच्या पाठीवरच्या पट्ट्यात. दोरा कशाला तरी अडकला एवढंच साईनाथला कळलं. त्यानं मागे न बघता हिसका मारला. बारीक टिपेट असता तर टकन तुटला असता. तंगूस कसला तुटतोय! गजाननराव उलटे फिरले, शेवाळावर पाय पडला आणि बघता बघता धपकन डोहात गेले.

"अगं आई गं!" संजना किंचाळली.

"बाबांना पोहता येत नाही!" देवेश ओरडला.

पाण्यावर नुसते बुडबुडे. मग साईनाथच्या हातातल्या काठीला ओढ लागली. दोरात जन्म गेलेला माणूस तो. काठी फेकून त्यानं तंगूस मनगटाला गुंडाळला, खडकाला टाच लावली आणि विहिरीतून हंडा काढावा तसे हातावर हात टाकत व्याही ओढायला सुरुवात केली. आधी जाकीट वर आलं, मग गजाननरावांची मान. देवेशनं पुढे होऊन काखेत हात घातला आणि वडील एकदाचे खडकावर आले.

गजाननराव बसून खोकत होते. साईनाथ त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्याचे हात सोलवटून निघाले होते.

"साहेब, मला यातलं कायपण कळत नाय. खोटं बोललो. पण माज्या पोरीची त्यात काय चूक नाय वो," म्हणताना त्याला रडूच फुटलं.

"टिपेट..." गजाननराव दात वाजवत म्हणाले, "टिपेट हा नेहमी..."

"गप बसा!"

सगळे दचकले. विमलबाई उठली होती.

"एकोणतीस वर्षं! एकोणतीस वर्षं मी ह्या माणसाला नदीवरून घरी बोलावतेय. जेवायला, पावणे आले म्हणून, देवेशच्या बारशाला! एका हाकेत कधी आला नाय. ह्या भाऊंनी दोन मिन्टात वढून बाहेर काढला. मला पोरगी पसंत हाय, माणसं पसंत हायत. साखरपुड्याची तारीख काढा."

गजाननरावांनी बायकोकडे बघितलं आणि मुकाट्यानं जाकीट पिळायला घेतलं. हर्षलानं आईला मिठी मारली. साईनाथ मनगटाचा तंगूस सोडवत होता. विमलबाई त्याच्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हा तंगूस तुमच्या दुकानात मिळतो?"

साईनाथच्या तोंडून सवयीनं दुकानातलाच प्रश्न निघाला.

"मिळतो की. किती मीटर देऊ, विहीणबाई?"

विमलबाईनं पदर खोचला. "पन्नास बांधा. आमच्या घरापासून नदी लांब हाय."