स्लॅबचा गळा

घराचा नकाशा काढायला अक्कल लागते, अनुभव लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. आमच्या कचेरीत सत्तावीस टेबलं कुठे लावायची हे मीच ठरवलं होतं आणि त्यानंतर फक्त तिघांनी बदलीचा अर्ज केला. तेव्हा दादाने घर बांधायला काढल्यावर मी छातीठोकपणे सांगून टाकलं की नकाशा माझ्याकडे लागला, संगणकावर अख्खं घर उभं करून दाखवतो, दारांच्या कड्यांसकट!

दादाला काहीही चालतं. मागणी होती ती एकट्या वहिनींची. वहिनी शिवणकाम करतात. गेली अकरा वर्षं त्यांचं मशीन सध्याच्या घरात पोटमाळ्याखाली आहे. तिथून उठताना त्या आधी मान आखडतात आणि मग उठतात. ही सवय इतकी जडली आहे की बागेतल्या बाकावरूनही त्या तशाच उठतात.

"भाऊजी, बाकी काहीही करा," त्या म्हणाल्या, "पण बसायच्या खोलीत मान वर केली की छत लगेच भेटायला नको. दोन्ही मजले मोकळे पाहिजेत."

त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. मी म्हटलं, झालंच म्हणून समजा.

आता दोन मजले उंच खोली करायची म्हणजे करायचंय काय, भिंती धरायच्या आणि वर ओढायच्या! मी दिवाणखान्याच्या भिंतींची उंची दहाच्या जागी वीस फूट लिहिली. त्याबरोबर वरचा अख्खा मजला दहा फूट वर गेला. जिना मात्र होता तिथेच राहिला. शेवटच्या पायरीवर पोचलेल्या माणसाने पुढे काय करायचं, हे ज्याचं त्याने बघायचं! मी वरचा मजला हाताने धरून खाली आणला, तर झोपायच्या खोलीतला पलंग सोफ्यात रुतून बसला. तीन रविवार असेच गेले.

चौथ्या रविवारी युक्ती सापडली. यादीत प्रत्येक वस्तूपुढे डोळ्याचं एक छोटं चित्र होतं. दिवाणखान्यावर येणाऱ्या स्लॅबपुढचा डोळा मी दाबला, तो मिटला आणि स्लॅब नाहीसा झाला! मी घरच्यांना बोलावलं आणि पडद्यावर दिवाणखान्यात फिरवून आणलं. वरचा कठडा दिसत होता, उंच खिडकीतून ऊन येत होतं. दादाने दोनदा 'वा' म्हटलं. पडद्यावरचं छत नीट दिसावं म्हणून मशीनपाशी बसलेल्या वहिनींनी खरोखरच मान वर केली आणि डोकं पोटमाळ्याला आपटलं. तरी त्या हसत होत्या. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मजल्यांचे नकाशे छापून मिस्त्रींकडे धाडले.

आमचे मिस्त्री कागदाबाहेर जात नाहीत. कागदावर मोरी जिन्यावर असती, तर त्यांनी ती जिन्यावर बांधली असती.

खालच्या भिंती उभ्या राहिल्या, स्लॅबचा दिवस शनिवार ठरला. गुरुवारी वहिनी बांधकाम बघून आल्या. चहा घेताना म्हणाल्या की दिवाणखान्यात अंधार आहे, वर स्लॅबच्या फळ्या सगळीकडे ठोकल्या आहेत, मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी कागद दाखवला.

मी हसलो. बांधकामातलं बायकांना काय कळणार, असं काहीसं मी म्हणालोही, ते इथे पुन्हा लिहीत नाही. संगणक उघडून त्यांना परत दिवाणखान्यात फिरवून आणलं आणि म्हटलं, बघा, आहे की नाही मोकळं?

वहिनींनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी दोन्ही छापील नकाशे मागितले, एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरले. कापड आणि अस्तर त्या असंच जुळवून बघतात. खालच्या कागदावर दिवाणखाना होता, आणि त्याच्यावर वरच्या कागदाची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती.

"कापडाला गळा आहे, अस्तराला नाही," वहिनी म्हणाल्या. "यातून डोकं जाणार कसं?"

मग यादीतल्या त्या मिटलेल्या डोळ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "भाऊजी, तुम्ही स्लॅब कापला नाहीत. लपवलात."

काँक्रीट एकदा ओतलं की उसवता येत नाही. शनिवारी सकाळी ते ओतलं असतं, आणि मग त्या बाईने उरलेला जन्म पुन्हा छताखालीच काढला असता, मला एका शब्दाने न बोलता. हे 'न बोलता' मला फार लागलं. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या.

माउस त्यांनी जन्मात धरला नव्हता. पण वरच्या मजल्यावर जाऊन त्यांनी फरशीत चौकोन आखला, चारही बाजूंनी वीतभर आत. विचारलं तर म्हणाल्या की कठडा काय हवेत उभा करणार, कपड्याला सोडतो तशी कडेला माया सोडावीच लागते. मग तो चौकोन कापला. दहा मिनिटं लागली. माझे चार रविवार!

शुक्रवारी सकाळी त्या नवा छापील नकाशा आणि खडू घेऊन फळ्यांवर चढल्या. मी टेपचं दुसरं टोक धरून मागे. त्यांनी चौकोन आखला आणि चारही कोपऱ्यांवर तिरक्या रेघा मारल्या. मिस्त्रींनी विचारलं, या कशाला?

"कापडातली चीर नेहमी कोपऱ्यातूनच फाटते," वहिनी म्हणाल्या. "तिथे आडवा टाका घालायचा."

मिस्त्रींनी वाकून त्या रेघांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "ताई, कोपऱ्यात तिरक्या सळ्या घालायला मी तीस वर्षं माणसांना शिकवतोय. तुम्हाला कोणी शिकवलं?" आणि त्यांनी वहिनींसाठी स्वतःची खुर्ची पुसून पुढे केली. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तीन आठवड्यांनी फळ्या निघाल्या. वर अजून छत यायचं होतं, त्या चौकोनातून थेट आभाळ दिसत होतं. वहिनी खाली मधोमध उभ्या राहिल्या, मान वर केली आणि तशाच राहिल्या. दादा डोळे पुसत होता. मला तर वाटलं, या बाईच्या हातात सगळं गाव द्यावं, ती नीट बेतून देईल.

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं की दर वेळी टेप धरायला येतात ते हे कोण.

"माझे दीर," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. माझी लाज राखायची होती त्यांना. "संगणकातलं घर यांनीच बांधलं."

मिस्त्रींनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि अगदी आपुलकीने विचारलं, "असं का? मग तिथे राहायला कधी जाताय?"

मी टेप गुंडाळायला लागलो.